जर्मन शिकारी कट्यारी व तलवारींचा संग्रह

जर्मन शिकारी कट्यारी व तलवारींचा संग्रह ही प्राचीन व जुन्या शस्त्रांच्या संग्रहाची एक शाखा आहे. जर्मनभाषक प्रदेशांत सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकारी, वनाधिकारी आणि दरबारी मंडळी यांनी बाळगलेली पातेदार शस्त्रे तिच्या कक्षेत येतात. यांतील सर्वांत परिचित प्रकार ‘हिर्शफेंगर’ हा होय. या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘हरणाला पकडणारा’ असा आहे. जखमी जनावराचा शेवट करणे हे या शस्त्राचे मूळ काम होते. पुढे ते दरबारी प्रतिष्ठेचे आणि नंतर वनखात्याच्या गणवेशाचे चिन्ह बनले. त्यामुळे एकाच शस्त्रात शिकारीची पद्धत, कारागिरी, समाजातील दर्जा आणि राजकारण यांचा पुरावा एकत्र सापडतो. हा पुरावा कितपत शाबूत आहे, यावर संग्राह्य वस्तूचे महत्त्व ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीला दुसरा बार भरण्यास वेळ लागे. शिवाय कुत्र्यांनी घेरलेल्या जनावरावर गोळी झाडल्यास कुत्र्यांना इजा होण्याचा धोका असे. म्हणून जवळ जाऊन पात्याने जनावर मारण्याची रीत रूढ झाली. सतराव्या व अठराव्या शतकांत फ्रेंच दरबाराच्या अनुकरणाने जर्मन राज्यांत कुत्र्यांच्या साहाय्याने घोड्यावरून पाठलाग करण्याची शिकार लोकप्रिय झाली. थकून उभ्या राहिलेल्या हरणावर अखेरचा वार करणे हा तीत मानाचा भाग समजला जाई.

१८४८च्या क्रांतीनंतर सरदारवर्गाचे शिकारीचे विशेषाधिकार रद्द झाले आणि शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. याच शतकात मागून भरावयाच्या बंदुका आल्या व शिकारी तलवारीची व्यावहारिक गरज कमी झाली. वनखात्याच्या गणवेशात मात्र तिचे स्थान टिकून राहिले. प्रशियाच्या ‘येगर’ पलटणींत वनरक्षक व शिकारी यांची भरती होत असे. त्यामुळे हिर्शफेंगर सैन्यातही गेला आणि काही नमुने बंदुकीला संगिनीसारखे जोडता येतील असे घडवले गेले.

प्रमुख प्रकार

रानडुकराची तलवार : हा प्रकार पंधराव्या-सोळाव्या शतकांतील आहे. पात्याचा बराचसा भाग जाड व धार नसलेला असून टोकाशी ते पानासारखे रुंद होते. या रुंद भागाच्या मागे आडवी खीळ असे. अंगावर धावून येणारे जनावर पाते रुतल्यानंतरही पुढे सरकू नये, हा तिचा उद्देश होता.

हिर्शफेंगर : हे आखूड तलवारीसारखे, सरळ किंवा किंचित वक्र पात्याचे शस्त्र आहे. त्याला बहुधा आडवी दांडी आणि तिच्या खाली पात्याकडे झुकलेली शिंपल्याच्या आकाराची पट्टी असते. काही नमुन्यांत बोटांच्या रक्षणासाठी परजही आढळतो. पात्याला छोटे पिस्तूल जोडलेले नमुने अठराव्या शतकात तयार झाले होते.

वाइडब्लाट : हे रुंद, जड पात्याचे, कोयत्याच्या जवळ जाणारे हत्यार आहे. शिकार फोडण्यासाठी ते वापरत. त्याच्याच म्यानात लहान सुऱ्या व इतर उपकरणे ठेवण्यासाठी कप्पे असत. शिकाऱ्यांच्या खास बोलीत किंवा शिष्टाचारात चूक करणाऱ्यास या पात्याच्या सपाट बाजूने फटके देण्याची प्रथा होती.

निकर : ही लहान सुरी आहे. जनावराच्या मानेत, कवटीच्या अगदी मागे खुपसून त्याला झटपट मारण्यासाठी ती वापरत. बव्हेरिया व ऑस्ट्रियात चामडी विजारीच्या स्वतंत्र खिशात ती ठेवण्याची पद्धत आहे.

मुठीसाठी हरणाचे शिंग सर्वाधिक वापरात होते. दरबारी शस्त्रांत हस्तिदंत, चांदी, सोन्याचा मुलामा दिलेले पितळ आणि अठराव्या शतकात माइसेन येथील पोर्सेलिनही वापरले गेले. पात्यांवर आम्लाने कोरलेली शिकारीची दृश्ये, निळा रंग आणि सोनेरी नक्षी आढळते.

पाती व कारागिरांच्या मुद्रा

ऱ्हाइनलँडमधील झोलिंगेन हे पात्यांच्या निर्मितीचे सर्वांत महत्त्वाचे केंद्र होते. तेथे लोहार, पाणी देणारे, धार लावणारे आणि मूठ बसवणारे कारागीर वेगवेगळे असत. तयार पाती दूरवर विकली जात आणि मुठी अनेकदा अन्यत्र बसवल्या जात. म्हणून पात्यावरील मुद्रा केवळ पात्याविषयी सांगते. संपूर्ण शस्त्र त्याच गावी तयार झाले, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. मराठेशाहीतील ‘फिरंग’ या तलवारीतही हेच दिसते : मूठ भारतीय, तर पाते युरोपीय, आणि अशा पात्यांत जर्मन पातीही आढळतात.

मुद्रांचे अनुकरण ही जुनी गोष्ट आहे. धावत्या लांडग्याचे चिन्ह मूळचे पासाउ या शहराचे. त्याचा लौकिक पाहून झोलिंगेनच्या कारागिरांनीही ते वापरले. काही पात्यांवर ‘१४१४’ हा अंक कोरलेला असतो. तो निर्मितीचे वर्ष नसून परंपरेने चालत आलेले चिन्ह आहे.

एकोणिसाव्या शतकापासूनच्या मुद्रा कालनिश्चितीस अधिक उपयोगी पडतात. वायर्सबेर्ग व किर्शबाउम या घराण्यांचे कारखाने १८८३ मध्ये एकत्र आले. त्यामुळे राजाचे व शिरस्त्राणधारी योद्ध्याचे मस्तक शेजारी शेजारी असलेली मुद्रा त्यापूर्वीची असू शकत नाही. खारीचे चिन्ह १८६५ मध्ये स्थापन झालेल्या कार्ल आइकहोर्न या कारखान्याचे आहे. वनखात्याच्या शस्त्रावर राजमुकुट किंवा राजाची आद्याक्षरे असतील, तर ते १९१८ साली राजेशाही संपण्यापूर्वीचे मानले जाते.

नाझी कालखंड

१९३४ मध्ये राष्ट्रीय शिकार कायदा लागू झाला आणि हेर्मान ग्योरिंग याच्याकडे शिकारखात्याचे सर्वोच्च पद आले. शिकाऱ्यांच्या अधिकृत संघटनेसाठी स्वस्तिकचिन्हांकित हिर्शफेंगर तयार करण्यात आले. बाजारात त्यांना मोठी मागणी असल्याने बनावट नमुनेही विपुल आहेत.

या काळातील वस्तूंचा संग्रह नैतिक प्रश्न उपस्थित करतो. झोलिंगेनमधील अलेक्झांडर कोपेल कारखान्याची मुद्रा तराजूची होती व ‘अल्कोसो’ हे त्याचे व्यापारी नाव होते. १८२१ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना ज्यू कुटुंबाच्या मालकीचा होता. १९३६ मध्ये तो त्यांच्या हातून काढून घेतला गेला. त्याचे एक मालक अलेक्झांडर कोपेल यांची १९४२ मध्ये टेरेझिनश्टाट येथे रवानगी झाली व तेथेच त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. नाझी गणवेशासाठी तयार झालेल्या शस्त्रांवर हीच तराजूची मुद्रा आढळते. अशा वस्तूचे वर्णन केवळ कारागिरी व किंमत यांपुरते ठेवल्यास तिच्या इतिहासाचा मुख्य भागच गळून पडतो.

अस्सलतेची पारख

संपूर्ण बनावट शस्त्रापेक्षा वेगवेगळ्या शस्त्रांचे भाग जोडून केलेले शस्त्र ओळखणे कठीण असते. एकाचे पाते, दुसऱ्याची मूठ व तिसऱ्याचे म्यान असे नमुने बाजारात येतात. एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन वस्तूंच्या आवडीतून झालेल्या प्रतिकृतींनाही आता पुरेशी जुनी झळाळी आली आहे. त्यामुळे केवळ जुनाट दिसणे हा अस्सलतेचा पुरावा ठरत नाही. तपासणीत पुढील बाबी पाहतात :

• पात्याचा निमुळता दांडा मुठीतून आरपार जाऊन टोकाशी ठोकलेला असतो. तेथे ताजे घाव दिसल्यास मूठ कधीतरी उघडली गेली असावी.
• मूठ, पाते व म्यान यांवरील झीज परस्परांशी जुळली पाहिजे. झिजलेल्या मुठीसोबत अगदी तीक्ष्ण कोरीवकाम असल्यास ते नंतरचे असण्याची शक्यता असते.
• जुने चामडे आक्रसते. त्यामुळे पाते म्यानात पूर्ण न बसणे हा नेहमीच दोष नसतो; म्यान पात्यापेक्षा बरेच लांब वा रुंद असल्यास मात्र ते दुसऱ्या शस्त्राचे असू शकते.
• हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा दिसतात. हाडात त्या नसतात.

मालकीच्या इतिहासाची कागदपत्रे, जुनी छायाचित्रे व लिलावाच्या सूची यांचा पुरावाही तितकाच महत्त्वाचा आहे.

जतन

सर्वाधिक हानी अतिउत्साही सफाईने होते. घासून चकचकीत केलेल्या पात्यावरील कोरीवकाम, निळा रंग व मुलामा निघून जातो आणि तो पुन्हा मूळ स्वरूपात आणता येत नाही. चामडे ओलावा धरून ठेवते, म्हणून पाते दीर्घकाळ म्यानात ठेवत नाहीत. घामातील क्षारांनी गंज चढतो; त्यामुळे हातमोजे वापरतात व पात्यावर मेणाचा पातळ थर देतात. हस्तिदंत व शिंग यांना उष्णता आणि हवेतील आर्द्रतेचे चढउतार मानवत नाहीत.

कायदेशीर बाबी

जर्मनीत नाझी चिन्हांच्या सार्वजनिक वापरास दंडसंहितेच्या कलम ८६अ अन्वये बंदी आहे. संशोधन, शिक्षण व कला यांसाठी अपवाद आहेत. हस्तिदंती मुठींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून अमलात असलेल्या ‘साइट्स’ कराराची बंधने आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ व त्यातील दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताच्या व्यापारास मनाई आहे. शस्त्र कायदा, १९५९ व त्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी व कट्यारी यांचा समावेश होतो.

संग्रहालये

झोलिंगेनच्या ग्रेफ्राट भागातील जर्मन पाते संग्रहालय, ड्रेस्डेनच्या राजवाड्यातील शस्त्रागार, म्युनिकमधील जर्मन शिकार व मत्स्यव्यवसाय संग्रहालय आणि व्हिएन्नातील शाही शिकार व शस्त्रसंग्रह येथे या विषयाशी संबंधित महत्त्वाचे संग्रह आहेत. मालकीचा इतिहास ज्ञात असलेले तेथील नमुने खासगी संग्रहातील वस्तूंची तुलना करण्यासाठी आधारभूत ठरतात.