मक्ता कोणाचा, माल कोणाचा

पाटण्याला गंगेच्या काठी गुलजारबाग नावाचा मोहल्ला आहे. तेथील डच व्यापाऱ्यांची जुनी वखार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली आणि तिच्यात अफूचा सरकारी कारखाना सुरू झाला. त्याच्या वाळवणखान्यात छतापर्यंत गेलेल्या मांडण्यांवर काळपट, वाटोळे गोळे हजारोंनी रचलेले असत. ठाऊक नसलेला प्रवासी आत शिरला असता, तर आपण तोफगोळ्यांच्या कोठारात आलो की काय, असे त्याला क्षणभर वाटले असते. कंपनी सरकारने हिंदुस्थानात जी नाना खाती चालविली, त्यांत अफूच्या खात्याइतके शिस्तीचे, किफायतीचे आणि आपला माल अखेरीस कोठे जातो याविषयी कसोशीने मौन पाळणारे दुसरे खाते सापडणे कठीण. इ. स. १८३९ ते १८४२ या काळात इंग्रज आणि चिनी यांच्यात जे युद्ध झाले, त्याचे मूळ शोधू जाता चीनमधील कँटनच्या बंदरापेक्षा या वखारीत आणि तिच्या हिशेबाच्या वह्यांत अधिक सापडते.

अफू बिहारात मोगल अमदानीतही पिकत होती. प्लासीच्या लढाईनंतर बंगालची सत्ता इंग्रजांकडे गेली आणि १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने अफूचा मक्ता सरकारकडे घेतला. आरंभी हा मक्ता ठेकेदारांना देण्यात येई. पण ठेकेदार रयतेस नाडतात आणि मालात भेसळ करतात असा अनुभव आल्यामुळे १७९७ पासून सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांकडून काम करवून घ्यावयास प्रारंभ केला, आणि पाटणा व गाझीपूर अशी दोन ठाणी कायम झाली. परवान्यावाचून खसखस पेरावयाची नाही, परवाना घेऊन पेरली तर निघेल तितका चीक सरकारलाच घालावयाचा, आणि त्याचा भाव सरकार ठरवील तोच घ्यावयाचा, असा या व्यवस्थेचा त्रिविध दंडक होता. रयतेने हा दंडक मुकाट्याने पत्करावा म्हणून हंगामापूर्वी दादनी, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटली जाई. सारा भरण्याच्या वेळी हातात रोकड पडते या एकाच लोभाने कुणबी ती घेई, आणि एकदा घेतली की गुमास्ते, जिलेदार आणि खात्याचे इतर नोकर त्याच्या बांधावर उभे राहत.

हे पीक माणसाचा अंत पाहणारे आहे. कार्तिकाच्या सुमारास पेरलेल्या रोपांना माघात पांढरी फुले येतात. त्यांच्या गळलेल्या पाकळ्या वाया जाऊ न देता गोळा करीत आणि मातीच्या तव्यावर दाबून, शेकून त्यांच्या पातळ पोळ्या करीत. पुढे गोळ्याला वेष्टन म्हणून त्यांचा उपयोग होई. फाल्गुनात बोंडे भरली की भर दुपारी नश्तर नावाच्या, तीन-चार बारीक पाती सुताने एकत्र बांधलेल्या हत्याराने एकेका बोंडावर उभ्या चिरा पाडीत. रात्रभर पाझरलेला दुधासारखा चीक पहाटेपर्यंत तांबूस होऊन थिजे, आणि तो सकाळी लोखंडी उचटणीने खरवडून मडक्यात भरीत. असे एकाच बोंडाला काही दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा चिरावे लागे. म्हणजे बिघाभर शेतासाठी सबंध कुटुंब, बायकामुलांसह, आठवडेच्या आठवडे वाकलेले असे.

मडकी कारखान्यात पोचली की तेथे दुसरेच जग सुरू होई. प्रत्येक मडक्यातील माल हाताने चिवडून, वास घेऊन, ओलावा मोजून त्याची प्रत ठरवीत. भेसळ आढळली तर मडके जप्त. मग सर्व माल हौदात एकजीव करून, पितळी वाटीत पाकळ्यांच्या पोळ्यांचे थर अफूच्याच पातळ लेव्याने चिकटवून, मध्ये अफू बसवून, वरून पुन्हा पोळ्या लावून सुमारे साडेतीन पौंडांचा गोळा वळीत. गोळे उन्हात ठेवून नंतर मांडण्यांवर चढवीत, आणि बुरशी धरू नये म्हणून पोरे त्या मांडण्यांवर चढून एकेक गोळा फिरवीत व पुशीत. वाळलेले गोळे आंब्याच्या लाकडाच्या पेटीत, वीस वीस कप्प्यांच्या दोन थरांत, असे चाळीस बसवीत. पेटीवर कंपनीचा छाप पडे, आणि तो छाप पाहून चिनी किनाऱ्यावरचा गिऱ्हाईक मालाची खात्री मानी. इतक्या काळजीने बांधलेला माल कोणा अनोळखी पोटासाठी आहे, हे बांधणाऱ्याला ठाऊक नसेल. परंतु ज्यांनी त्याचे वजन, आकार आणि चव चिनी धूम्रपानाच्या आवडीनुसार ठरविली, त्यांना ते पुरते ठाऊक होते.

येथपर्यंत सारे सरकारी होते. कलकत्त्यास पेट्या पोचल्या की सरकार अंतर्धान पावे. तेथे जाहीर लिलाव होई, खासगी व्यापारी बोली बोलत, आणि हातोडा पडताक्षणी मालाशी असलेला कंपनीचा संबंध संपे. चीनमध्ये अफूला बंदी होती. १७२९ साली युंगचेंग बादशहाने तिच्या धूम्रपानाविरुद्ध फर्मान काढले होते, आणि शतक सरता सरता आयातही निषिद्ध ठरली होती. ज्या बंदरात आपण चहाची खरेदी करतो, त्याच बंदरात आपल्या जहाजावर निषिद्ध माल सापडला तर चहाचा व्यापारच बुडेल, हे ओळखून कंपनीने आपल्या जहाजांवर अफू चढविण्यास मनाई केली. परंतु हिंदुस्थान आणि चीन यांच्यामध्ये येजा करणाऱ्या खासगी जहाजांना परवाने तीच देई, आणि कंपनीच्या अफूखेरीज दुसरी अफू नेऊ नये अशी अट त्या परवान्यात असे. माल आपला, परवाना आपला, नफा आपला, आणि गुन्हा मात्र दुसऱ्याचा, अशी ही अपूर्व योजना होती.

ती का करावी लागली, याचे उत्तर चहाच्या पेल्यात आहे. १७८४ साली ब्रिटिश पार्लमेंटने चहावरील भारी जकात एकदम साडेबारा टक्क्यांवर आणली आणि चहाचा खप अतोनात वाढला. चिनी लोकांना मात्र विलायती लोकरीचे कापड वा यंत्रे यांची फारशी गरज नव्हती. त्यांना चांदी हवी होती. अफूने हा पेच सोडविला. खासगी व्यापारी अफू विकून मिळालेली चांदी कँटनमधील कंपनीच्या खजिन्यात भरीत आणि तिच्या बदल्यात लंडनवरची हुंडी घेत. कंपनी त्याच चांदीने चहा विकत घेई. लंडनचा चहा, बिहारची अफू आणि कँटनची चांदी या तिन्हींचा हिशेब अशा रीतीने एका हुंडीत जुळे, आणि त्या हुंडीवर अफूचा उल्लेख कोठेही नसे.

कँटनच्या तटाबाहेर नदीकाठी परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारींची ओळ होती. हंगामापुरते तेथे राहावे, बायका आणू नयेत, हंगाम संपताच मकावला परतावे आणि व्यवहार फक्त सरकारमान्य चिनी सावकारांच्या संघाशी करावा, असे तेथील कायदे होते. त्या सावकारांत हौक्वा नावाने ओळखला जाणारा वू पिंग-च्येन हा त्या काळच्या जगातील अत्यंत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक मानला जाई. अफूचा सौदा या वखारींतच ठरे, चांदीही तेथेच मोजली जाई. पण माल तेथे कधी येत नसे. १८२१ नंतर नदीच्या मुखाबाहेर लिनतिन बेटापाशी गोदामे म्हणून जुनी जहाजे नांगरून ठेवली गेली. गिऱ्हाइकाने चिठ्ठी दाखवावी, पेट्या फोडून माल पोत्यांत भरून घ्यावा आणि पन्नास-साठ वल्ह्यांच्या वेगवान होड्यांतून तो किनाऱ्याला न्यावा, असा परिपाठ पडला. जकातीच्या अंमलदारांना पेटीमागे ठरलेली लाच पोचे. बंदीचा कायदा कायम, आणि बंदी मोडण्याचा दरही कायम.

या यंत्राला मुंबईनेही मोठा हातभार लावला. माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात, पिकणारी अफू कंपनीच्या मक्त्याबाहेर होती. ती इंदूर-उज्जैनच्या सावकारांकडून कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला आणि तेथून चीनला जाई. कंपनीने तिला आधी अडविण्याचा, मग विकत घेण्याचा प्रयत्न करून पाहिला. दोन्ही फसल्यावर १८३०च्या सुमारास तिने पेटीमागे ठराविक कर घेऊन मुंबईपर्यंत रवन्ना, म्हणजे वाहतुकीचा परवाना, देण्याची युक्ती काढली. कराचा आकडा आरंभी १७५ रुपये होता, तो १८३५ साली १२५ वर आणला. १८४३ साली सिंध जिंकून कराचीची वाट हाती आल्यावर मात्र तो चढतच गेला. सर जमशेटजी जिजीभाई, गोवेकर ख्रिस्ती घराण्यातले रॉजेरिओ द फारिया आणि मोतीचंद अमीचंद हे या व्यापारातील मुंबईचे अग्रणी. १८०५ साली एका जहाजप्रवासात जमशेटजींची विल्यम जार्डिन नावाच्या तरुण वैद्याशी गाठ पडली होती. तोच पुढे जार्डिन-मॅथिसन पेढीचा धनी झाला, आणि दोघांचा व्यवहार आयुष्यभर टिकला. ज्या इस्पितळाने आणि कलाशाळेने जमशेटजींचे नाव मुंबईत अमर केले, त्यांच्या पायाशी या व्यापाराचा पैसाही आहे, हे दातृत्वाला उणेपणा न आणता नमूद करावयास हवे.

१८२० पूर्वी वर्षाकाठी चार-पाच हजार पेट्या चीनला जात. १८३८-३९च्या हंगामात त्या चाळीस हजारांच्या घरात गेल्या. चांदीचा ओघ आता उलटा वाहू लागला. चीनमध्ये सारा चांदीत भरावा लागे आणि मजुरी तांब्याच्या नाण्यांत मिळे. ‘ताएल’ या तेथील वजनाच्या एका मापाइतक्या चांदीला पूर्वी हजार नाणी पडत, ती आता सोळाशेवर गेली. अफूला न शिवणाऱ्या शेतकऱ्याचाही सारा अशा रीतीने दीडपटीहून अधिक झाला. १८३६ साली श्यू नाय-ची या अधिकाऱ्याने अफू कायदेशीर करून जकात घ्यावी असा अर्ज केला. दोन वर्षांनी ह्वांग च्युए-त्सने ओढणाऱ्यास देहान्त शासन असावे असे सुचविले. दावग्वांग बादशहाने दुसरा पक्ष उचलला आणि लिन त्से-श्यू या निःस्पृह म्हणून ख्यात असलेल्या सुभेदाराला पूर्ण अधिकार देऊन कँटनला पाठविले.

लिन १० मार्च १८३९ रोजी कँटनला पोचला. असलेली सर्व अफू स्वाधीन करा आणि पुन्हा आणणार नाही असा जामीनकतबा लिहून द्या, असे फर्मान त्याने थोड्याच दिवसांत काढले, आणि परदेशी व्यापाऱ्यांनी चालढकल करताच वखारींना वेढा घालून तेथील चिनी नोकरचाकर काढून घेतले. सुमारे साडेतीनशे लोक आत अडकले. या गर्दीत ब्रिटिश सरकारचा अधीक्षक कॅप्टन चार्ल्स इलियट मकावहून येऊन दाखल झाला. त्याला स्वतःला या व्यापाराचा तिटकारा होता. शिवाय चीनचे कायदे मोडणाऱ्या प्रजाजनांना सरकार पाठीशी घालणार नाही, त्यांचे नुकसान त्यांनीच सोसावे, असे परराष्ट्रमंत्री पामर्स्टन याने त्याला आदल्याच वर्षी कळविले होते. तरीही २७ मार्चला त्याने हुकूम काढला, की सर्व ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आपली अफू राणीच्या सरकारच्या वतीने माझ्या स्वाधीन करावी, आणि तिची जोखीम सरकारवर राहील. गिऱ्हाइकाअभावी माल पडून असलेल्या व्यापाऱ्यांनी मोठ्या आनंदाने, वाटेत असलेल्या पेट्यांसह, २०,२८३ पेट्या लिहून दिल्या. सहा दशके ज्या मालाला धनी सापडू नये म्हणून एवढा खटाटोप केला गेला, त्याला एका सहीसरशी ब्रिटनची राणी धनी मिळाली.

जूनमध्ये हुमेन येथे खणलेल्या तीन हौदांत मीठ आणि चुनकळी घालून लिनने ती अफू तीन आठवडे विरघळविली आणि ओहोटीबरोबर समुद्रात सोडली. तत्पूर्वी समुद्रदेवतेची पूजा करून, जळचरांनी काही काळ दूर जावे अशी प्रार्थनाही त्याने लिहिली. त्याच्या दृष्टीने चोरटा माल नष्ट झाला होता; लंडनच्या दृष्टीने राणीची मालमत्ता. वीस लाख पौंडांच्या आसपास भरपाई कोठून द्यावी हा प्रश्न आला, तेव्हा ब्रिटिश खजिन्यातून ती देण्यास कोणी तयार नव्हते. अर्थात चीनने द्यावी हे ओघानेच ठरले. जार्डिन त्या वेळी लंडनमध्ये पामर्स्टनला नकाशे आणि सल्ले पुरवीत होता. १८४० च्या एप्रिलात पार्लमेंटात ग्लॅडस्टन या सभासदाने युद्धाचा कडक निषेध केला. मतदानात सरकार २७१ विरुद्ध २६२, म्हणजे अवघ्या नऊ मतांनी तगले.

युद्धाची सामग्री बव्हंशी हिंदुस्थानातूनच गेली. बंगाल आणि मद्रासचे शिपाई, कंपनीची लोखंडी आगबोट ‘नेमिसिस’, आणि मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘वेलस्ली’ व ‘कॉर्नवॉलिस’ ही जहाजे त्यात होती. त्याच ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग इंग्रजांना मिळाले, पाच बंदरे खुली झाली, आणि दोन कोटी दहा लाख डॉलरचा दंड चीनवर बसला. त्यातील साठ लाख अफूचे. तहात अफूचा उल्लेख एवढाच, आणि तोही, अधीक्षक व ब्रिटिश प्रजाजन यांच्या प्राणांची खंडणी म्हणून दिलेल्या मालाची किंमत, अशा शब्दांत. पुढे हा माल आणावा की आणू नये याविषयी तह मूग गिळून बसला.

अफू चीनमध्ये कायदेशीर झाली ती दुसऱ्या युद्धाच्या दबावाखाली, १८५८ साली. त्याच वर्षी कंपनीचे राज्य राणीकडे गेले, आणि पाटण्याचा मक्ता सरळ राणी सरकारचाच झाला. पुढे चीन आपल्या शेतात स्वतःच अफू पिकवू लागला, हिंदुस्थानच्या महसुलातील तिचा वाटा घसरला, आणि तेव्हा कोठे १९०७ साली निर्यात दरसाल दहाव्या हिश्श्याने कमी करण्याचा करार झाला. १९११ साली पाटण्याचा कारखाना मिटला, १९१३ साली चीनकडची रवानगी थांबली. गाझीपूरचा कारखाना औषधी अफूसाठी आजही चालू आहे. दोन युद्धांनी जो वाद वाढविला, तो शेवटी दोन सरकारांच्या कारकुनांनी पेट्यांचे आकडे वजा करीत मिटविला. हे १८३९ सालीही होण्यासारखे होते. पण तेव्हा पेटी किफायतीची होती, आणि नीती परवडू लागली ती किफायत ओसरल्यावर.