नवगाव येथील बेने इस्रायलांची आद्य दफनभूमी : स्मृती आणि पुरावा

रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, समुद्रकिनाऱ्यालगत नवगाव हे गाव आहे. कोकणात स्थायिक झालेला बेने इस्रायल समाज आपल्या वसाहतीचा प्रारंभ याच जागी मानतो. परंपरा अशी की, किनाऱ्याजवळ जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. वाहून आलेली प्रेते, पुरुषांची एका ठिकाणी व स्त्रियांची दुसऱ्या ठिकाणी, पुरण्यात आली. त्या दोन उंचवट्यांना मुळात ना नाव होते, ना तिथी, ना शिलालेख.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात हे आगमन इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचे मानले आहे. इतर अभ्यासक ते कित्येक शतके पुढे आणतात. मूक उंचवटे या वादाचा निकाल देऊ शकत नाहीत. चौदा या संख्येविषयीही सावध राहिलेले बरे. याच किनारपट्टीवरील चित्पावनांच्या उत्पत्तिकथेत समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतेच भेटतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजाला ज्यू व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा असल्याचे दिसून आले. समाज बाहेरून आला, या परंपरेच्या गाभ्याला त्यातून आधार मिळतो. जहाजाच्या कथेला नव्हे.

आद्य वसाहतीचा अधिक भक्कम पुरावा मृतांपेक्षा जिवंतांच्या आडनावांत आहे. केहिमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही नावे नकाशावर मांडली असता समाजाचा विस्तार गावागणिक दिसतो. तेलघाणा हा मुख्य व्यवसाय आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. या नावातच धर्म आणि पोटापाण्याचा उद्योग दोन्ही नोंदले गेले.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ज्यूंची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. नवगावी आता स्मारकस्तंभ उभा आहे. परदेशी गेलेल्या कुटुंबांतील माणसे तेथे येतात. प्रस्तुत लेखकास मात्र चिंता वाटते ती समाजाच्या नंतरच्या दफनभूमींतील थडग्यांची. त्यांवरील लेखांत हिब्रूबरोबर मराठीही आहे. नाव, गाव आणि मृत्यूची तारीख त्यांतून मिळू शकते. ऊनपावसाने अक्षरे झिजतात, आणि ती वाचणारे वंशज दूर आहेत. हिब्रू भागासाठी तज्ज्ञ बोलवावा लागेल. मराठी भागाच्या नोंदी आपल्या महाविद्यालयांतील मराठी व इतिहास विभागांना एखाद्या दिवाळीच्या सुट्टीतही सुरू करता येतील.