विसरलेले सगळेच पुसले जात नाही

आमच्या थोरल्या मुलीने हायस्कूलमध्ये सायकॉलॉजी हा विषय घेतला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर मानसशास्त्राचे तास सुरू झाले. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीत लाइप्झिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि तिथून हे शास्त्र स्वतंत्र झाले, असे तिने सांगितले. पावलॉव्हची कुत्री आम्हाला ऐकून माहीत होती. पण आम्ही खरे अडकलो ते हर्मान एबिंगहाउस या गृहस्थांपाशी.

त्याला कारणही तसेच होते. धाकट्याला तीन वर्षे आम्ही रविवारच्या मराठी वर्गाला नेतो आहोत. रविवारी शिकलेले मंगळवारपर्यंत साफ! मध्यंतरी फोनवर आजीने विचारले, "काय जेवलास रे?" आणि त्याला 'वरण' आठवेना. आजी हसली, पण आम्ही दोघे गप्प झालो. वर्ग बंद करावा का, इथपर्यंत बोलणे आले होते.

एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्यांनी सुमारे २३०० निरर्थक शब्द जुळवले, आपण 'झोफ', 'केब' म्हणावे तसे. यादी न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ करायची, मधे काही काळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करून किती श्रम वाचले ते मोजायचे. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचले, एका दिवसाने ३४ टक्के. म्हणजे विसरण्याची घाई पहिल्याच दिवशी! पण महिना लोटल्यावरही २१ टक्के वाचलेच. आठवत नाही असे वाटले, तरी आत काहीतरी उरलेले होते. हे सारे त्यांनी १८८५ साली पुस्तकात मांडले. २०१५ साली हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हा आलेख बराचसा तसाच आला.

आणखी एक गोष्ट. १२ शब्दांची यादी एका दमात ६८ वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जेवढा उपयोग झाला, साधारण तेवढाच तीन दिवसांत मिळून ३८ वेळा म्हटल्याने झाला. शिवाय अर्थपूर्ण कविता पाठ करायला निरर्थक शब्दांच्या मानाने दहावा हिस्साच श्रम लागले.

निरर्थक शब्दांचे हे आकडे भाषेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण भारतात आजीकडे गेल्यावर आठवड्याभरात पोराला मराठी फुटते, ते कसे, याचा थोडा उलगडा झाला.

असो. वर्ग बंद केलेला नाही. आता मंगळवारी आणि गुरुवारी जेवताना दहा मिनिटे रविवारचेच शब्द, तेही घोकून नव्हे, वाढता वाढता. परवा त्याने स्वतःहून वरण मागितले. भात मात्र अजून 'राइस'च आहे!

तुमच्या घरी काय युक्ती चालते, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.