बंद खाणीचे पाणी आणि तीन वर्षांची मुदत

बैतूल जिल्ह्यातील पाथाखेडा-१, पाथाखेडा-२ आणि सातपुडा-२ या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या, म्हणजेच वेकोलिच्या, तीन भूमिगत कोळसा खाणींना २०२५ मध्ये अंतिम खाणबंदीची प्रमाणपत्रे मिळाली. १७७४ मध्ये राणीगंज येथे सुरू झालेल्या भारतीय कोळसा उत्खननाच्या इतिहासात असे प्रमाणपत्र दिले जाण्याची ही पहिलीच वेळ असल्याने त्या बातमीचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. उत्पादन थांबले, यंत्रे हलवली, तोंडाशी तारेचे कुंपण घातले आणि सगळे निघून गेले, अशा रीतीने ज्या देशात अडीचशे वर्षे खाणी सोडून दिल्या गेल्या, तेथे एखादी खाण नियमानुसार मिटवली जाणे ही मोठी सुधारणा आहे. मात्र प्रमाणपत्रावरील तारखेला जमिनीवरची कामे संपतात आणि जमिनीखालच्या पाण्याचे काम बहुधा त्याच सुमारास सुरू होते. या दोन कालगणनांमधील अंतराची चर्चा अभिनंदनाच्या गजरात मागे पडली आहे.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोट किंवा त्याच्या आसपासची गावे या प्रश्नापासून दूर आहेत असे प्रथमदर्शनी वाटेल. ही गावे दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, वसलेली असून तेथे कोळसाही नाही आणि कोळशाच्या थरांसोबत येणारा शेल हा पापुद्र्यांचा चिकणमातीजन्य खडकही नाही. तापी त्याच बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावत असली, तरी पाथाखेड्याचे पाणी तिच्याकडे न येता तवा नदीतून नर्मदेला मिळते. तथापि त्याच सातपुड्याच्या पूर्वेकडील उतारावर, छिंदवाडा जिल्ह्यात, पेंच आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत परासिया, जुन्नारदेव, दमुआ या गावांभोवती जुन्या भूमिगत खाणींचे जाळे पसरलेले आहे आणि नागपूर शहर आपले पिण्याचे पाणी याच दोन नद्यांमधून घेते. म्हणून बंद खाणीच्या पाण्याचा प्रश्न राज्यांच्या सीमेवर थांबणारा नाही.

या प्रश्नाचे मूळ पायराइट या लोह आणि गंधक यांच्या खनिजात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीत प्राणवायूविना गाडल्या गेलेल्या गाळात ते तयार झाले, त्यामुळे कोळशात आणि त्याच्या वरखाली असलेल्या काळ्या, सेंद्रिय कार्बनयुक्त शेलमध्ये ते बारीक कणांच्या रूपात विखुरलेले असते. खडक अखंड आणि पाण्याखाली असतो तोवर पायराइट निरुपद्रवी राहते. परंतु खाणकामासाठी पंप लावून भूजलाची पातळी खाली नेली जाते, बोगद्यांतून हवा खेळवली जाते आणि कोळसा काढल्यावर छत कोसळून शेलचा चुरा होतो, तेव्हा हवा व ओलावा यांच्या संपर्कात पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल आणि विरघळणारे लोहक्षार तयार होतात. आम्लात तगणारे काही जिवाणू लोहापासून ऊर्जा मिळवताना हीच प्रक्रिया अनेक पटींनी वेगवान करतात. खाण चालू असताना बनलेले क्षार बहुतांशी कोरड्या भिंतींवर आणि कोसळलेल्या भागात साठून राहतात, आणि पंप चालू असेपर्यंत बाहेर येणारे पाणी पुष्कळदा बरे असते.

पंप बंद झाल्यावर भूजल आपली मूळ पातळी गाठू लागते. चढणारे पाणी प्रत्येक बोगद्यात शिरून दशकानुदशके साठलेले क्षार एकदम विरघळवते आणि सर्वांत खालच्या तोंडातून, जुन्या विहिरीतून किंवा भेगेतून बाहेर पडते, तेव्हा त्यात लोह, सल्फेट आणि कधी मँगनीज, ॲल्युमिनियम अशा धातूंचे प्रमाण सर्वाधिक असते. बाहेरच्या हवेत लोह गंजाच्या रंगाच्या साक्याच्या रूपात खाली बसते आणि ओढ्याचा तळ त्या साक्याने झाकून तेथील जलजीवन गुदमरते.

या प्रक्रियेला काळाचे माप देणारा शास्त्रज्ञ म्हणून पॉल यंगर यांचे नाव घ्यावे लागते. १९६२ मध्ये जन्मलेले आणि २०१८ मध्ये अकाली निधन पावलेले यंगर हे ब्रिटिश जलभूशास्त्रज्ञ आधी न्यूकॅसल आणि नंतर ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक होते. ईशान्य इंग्लंडमधील कोळसा खाणी एकामागून एक बंद होत असताना, पंप थांबल्यावर नद्यांचे काय होईल हा प्रश्न त्यांनी लावून धरला. बुडालेल्या खाणींच्या नोंदी एकत्र करून त्यांनी दाखवले की बाहेर पडणाऱ्या पाण्यातील लोह आरंभी शिखर गाठते व पुढे झपाट्याने आणि मग सावकाश उतरत जाते, आणि ही पहिली मोठी धुवण ओसरायला लागणारा काळ खाण पाण्याने भरायला लागलेल्या काळाच्या साधारण चौपट असतो. यानंतरही प्रदूषण शून्यावर येत नाही, कारण भूजलाची पातळी ऋतूनुसार जेथे वरखाली होते त्या पट्ट्यात पायराइटला दरवर्षी नव्याने हवा आणि नव्याने पाणी मिळत राहते, आणि तेथून होणारा पाझर अनेक दशके, प्रसंगी शतके टिकू शकतो.

यंगर यांच्या निष्कर्षाची मांडणी इतकी साधी आहे की ती कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता यावी. एखादी भूमिगत खाण भरायला दहा वर्षे लागली, तर त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे तिचे पाणी लक्ष ठेवण्याजोगे असते. आता याच्याशेजारी भारतातील नियम ठेवून पाहावा. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यांत खाणबंदीच्या कामांसाठी कंपनीने आधीपासून स्वतंत्र खात्यात रक्कम साठवावी अशी उत्तम तरतूद होती, परंतु बंदीनंतरच्या हवा-पाण्याच्या तपासणीसाठी खर्चाच्या यादीत धरलेला काळ तीन वर्षांचा होता. तीन वर्षांत पुष्कळ खाणी भरलेल्याही नसतात. म्हणजे दूषित पाणी बाहेर येण्याआधीच नमुने घेणारा माणूस परत गेलेला असतो, आणि त्याच्या वहीतील सर्व आकडे समाधानकारक असतात.

ठेवीच्या दरांतही हीच दृष्टी दिसते. २००९ च्या किंमतपातळीवर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये ठरवले गेले. खुल्या खाणीचा खड्डा आणि मातीचे ढिगारे डोळ्यांना दिसतात, ते सपाट करून झाडे लावायला पैसा लागतो, म्हणून तिचा दर जास्त. भूमिगत खाणीवर शेत किंवा जंगल तसेच राहते, म्हणून तिचा दर कमी, असे हे गणित आहे. पाण्याच्या बाजूने पाहिल्यास ते अपुरे ठरते, कारण हवेला उघडे पडलेल्या खडकाचे क्षेत्रफळ, कोसळलेल्या छताचा चुरा आणि शेजारच्या खाणींशी असलेली छुपी जोडणी हे सारे भूमिगत खाणीत असते आणि दिसत मात्र काहीच नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मध्य भारतातील कोळसा गोंडवाना काळातील असून त्यात गंधकाचे प्रमाण सामान्यतः १ टक्क्याहून कमी असते. मेघालयातील कोळसा मात्र गंधकाने समृद्ध आहे, म्हणून जैंतिया टेकड्यांतील लुखा नदीचे पाणी हिवाळ्यात अनैसर्गिक निळे होते, तसे दृश्य सातपुड्यात दिसण्याचा संभव कमी आहे. परंतु सरासरीवर विसंबून राहता येत नाही, कारण मध्य प्रदेशातच सिंगरौली येथील गोरबीच्या सोडलेल्या खाणीत तीव्र आम्लधर्मी पाणी साचल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. शिवाय आम्ल नाही म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. एस्टोनियात तेल देणारा शेल शतकभर खणला जात आहे. तेथे भोवतीच्या चुनखडीने आम्ल जागीच शमते, तरीही बुडालेल्या खाणींच्या पाण्यात सल्फेट आणि कठीणपणा शिल्लक राहतो. असे पाणी स्वच्छ दिसते, त्याला वास नसतो, सामू म्हणजे आम्लता मोजणारा आकडा सामान्य येतो. पण सल्फेट पुष्कळ वाढले की ते पिण्यास योग्य राहत नाही आणि शेतातही क्षार सोडते.

बंद खाणीचे पाणी किती गंभीरपणे घ्यावे लागते याचा धडा छिंदवाड्याने फार पूर्वी दिला आहे. परासियाजवळच्या न्यूटन चिखली कोलियरीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसून ६३ कामगार मृत्युमुखी पडले. पाण्याने भरलेल्या जुन्या कामांपासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खणू नये, हा १९५७ च्या कोळसा खाण विनियमांतील नियम अशाच अपघातांतून आलेल्या शहाणपणाचा भाग आहे. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी जुन्या खाणींचे नकाशे आणि त्यांतील जलपातळी यांची नोंद ठेवणे देशाने मान्य केले आहे. तीच नोंद खाली वसलेल्या गावांच्या विहिरींसाठी खुली करायला नवे शास्त्र लागत नाही.

वेकोलि खाणीचे पाणी उपयोगात आणते, हेही मान्य केले पाहिजे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे खाणीच्या पाण्यावर प्रक्रिया करून ‘कोल नीर’ या नावाने ते बाटलीबंद केले गेले, आणि अनेक ठिकाणी उपसलेले पाणी सिंचनाला दिले जाते. टंचाईच्या विदर्भात हा उपक्रम मोलाचा आहे. तथापि उपसा चालू असताना मिळणारे पाणी आणि उपसा थांबून खाण भरल्यानंतर वाहणारे पाणी यांची रासायनिक घडण वेगळी असते. पहिल्याच्या चाचण्या दुसऱ्याची हमी म्हणून दाखवल्या जाऊ नयेत.

जमिनीखालचे बोगदे आणि पाणी यांचे नाते मुळात वाईट नाही, हे बुऱ्हाणपूरकरांना सांगावे लागत नाही. खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, सातपुड्यातून झिरपणारे भूजल उताराने शहरात आणण्यासाठी बांधलेला कुंडी भंडारा २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला आहे. त्या रचनेमागे पाणी कोठून येते, कोणत्या खडकातून जाते आणि कोठे निघते याचा आधी विचार झाला होता. खाण खणताना कोळशाचा विचार होतो, पाण्याचा विचार अडचण म्हणून होतो आणि खाण सोडताना तोही थांबतो. ही सवय बदलणे हाच खरा प्रश्न आहे.

ती बदलता येते, हे ब्रिटनने ठेच खाऊन दाखवले. कॉर्नवॉलमधील व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, उपसा थांबला आणि जानेवारी १९९२ मध्ये सुमारे ५ कोटी लिटर धातुमिश्रित आम्लधर्मी पाणी फुटून फाल नदीच्या खाडीत गेले. १९९५ च्या पर्यावरण कायद्याने खाण सोडण्याआधी सहा महिने सूचना देणे बंधनकारक केले, आणि १९९९ च्या अखेरीनंतर सोडलेल्या खाणींच्या प्रदूषणाबाबत मालकांना मिळणारी सूट काढून घेतली. जुन्या कोळसा खाणींची जबाबदारी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या एका कायमस्वरूपी सरकारी संस्थेकडे असून ती आजही पंचाहत्तरहून अधिक ठिकाणी खाणीचे पाणी शुद्ध करते. स्वतः यंगर यांनी डरहॅम परगण्यातील क्वेकिंग हाउसेस या लहान खाणवस्तीत रहिवाशांसोबत कंपोस्टवर आधारलेली पाणथळ जागा उभारली. तेथे शेणखतासारख्या सेंद्रिय पदार्थातील जिवाणू सल्फेटचे क्षपण करून आम्ल शमवतात आणि धातू गाळात अडकवतात. फारशी यंत्रसामग्री न लागणारी ही पद्धत सातपुड्यातील ओढ्यांसाठी पडताळून पाहण्यासारखी आहे.

जुलै २०२५ मध्ये कोळसा मंत्रालयाने खाणबंदीत स्थानिक समाजाला सहभागी करून घेणारा ‘रिक्लेम’ हा आराखडा जाहीर केला. त्या सहभागाला अर्थ यायचा असेल, तर गावकऱ्यांच्या हाती सर्वप्रथम पाण्याची माहिती आली पाहिजे. प्रत्येक बंद भूमिगत खाणीत निरीक्षण विहीर ठेवून जलपातळी, सामू, लोह आणि सल्फेट यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. तपासणीची मुदत वर्षांत न मोजता खाण भरण्याच्या काळाच्या पटीत मोजावी. आणि साठवलेल्या रकमेचा काही भाग प्रमाणपत्रानंतरही केवळ पाण्यासाठी राखून ठेवावा. पाथाखेड्याच्या तीन खाणी देशातील पहिल्या आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत जो पायंडा पडेल तोच पुढच्या शेकडो खाणींना लागू होईल. तो घालून देण्याची वेळ पाणी वर येण्याआधीची आहे, कारण दूषित झरा एकदा वाहू लागला की त्यावरचा खर्च कंपनीकडून निघून नळपाणी योजनेच्या आणि अखेरीस गावाच्या माथी येतो.