उभ्या मोटारीची सुरक्षा व घरगुती कॅमेरा : पुराव्याच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना : आपटा हे पनवेल तालुक्यातील पाताळगंगेकाठचे गाव. अशा गावांत मोटार बहुधा अंगणात वा घरासमोर रस्त्याकडेला उभी असते. कॅमेरा चोरी रोखतोच असे नाही; त्यामुळे चोरीनंतर त्याचे चित्रण पुरावा म्हणून टिकेल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मांडणी : एका कॅमेऱ्याने संपूर्ण मोटार व वाट टिपावी, दुसरा फाटकाशी, चेहरा ओळखू येईल इतक्या उंचीवर असावा. रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त प्रकाशाने क्रमांकपट्टी चकाकते व अंक पुसट होतात. कोकणच्या पावसात थेंब आणि भिंगावरील कोळिष्टकेही चमकतात. म्हणून कॅमेरा वळचणीखाली, पागोळ्यांच्या आत बसवावा, भिंग वरचेवर पुसावे व अंगणात दिवा ठेवावा. वीज गेल्यास बॅटरीचा आधार असावा.

पुरावा : जालन्याच्या निवडणुकीसंबंधीच्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, मालकाने मूळ यंत्रच न्यायालयात सादर करून साक्ष दिल्यास ते लागत नाही, असेही स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद असून, त्याच्या नमुन्यात नोंदीचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश मूल्य, नमूद करावे लागते.

निष्कर्ष : साठवण भरताच यंत्र जुने चित्रण पुसून त्यावर नवे नोंदवते. त्यामुळे यंत्रातील घड्याळ अचूक ठेवणे, घटनेनंतर तत्काळ प्रत काढणे आणि मूळ यंत्र जपणे, हीच कॅमेऱ्याच्या उपयुक्ततेची खरी कसोटी होय.