मसालेदार 'सोवाज' आणि त्याची स्वस्त भावंडं

डिओरचं 'सोवाज एलिक्सिर' 2021 साली आलं आणि पुरुषांच्या परफ्यूममध्ये मसाल्याचा डबाच उघडला! दालचिनी, जायफळ, वेलदोडा. सोबत ग्रेपफ्रूट, लव्हेंडर आणि ज्येष्ठमध. 60 मिलीच्या बाटलीची किंमतच पाच आकडी. मग स्वस्तातले 'क्लोन' यायला कितीसा वेळ लागणार?

सगळ्यात गाजलं ते अमिरातीतल्या लताफा कंपनीचं 'असद'. पहिल्याच फवाऱ्याला मिरी आणि तंबाखू उसळतात, एलिक्सिरची हमखास आठवण येते. थोड्या वेळाने व्हॅनिला पुढे सरकतो आणि सगळं गोड होत जातं. एलिक्सिर शेवटपर्यंत कोरडं, किंचित कडवट राहतं. 'मेझॉन अलहम्ब्रा'चं 'साल्व्हो एलिक्सिर' त्या कडवटपणाच्या जास्त जवळ जातं. माझा कौल साधा: मूळच्या जवळचं हवं तर साल्व्हो, थंडीतल्या लग्नाला मिरवायचं तर असद.

नक्कल होते कशी? गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र थेंबभर परफ्यूमचे घटक सुटे करून दाखवतं. दालचिनीचा वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइडचा, आणि ते कारखान्यात सहज बनतं. अडतं ते लव्हेंडरसारख्या नैसर्गिक तेलापाशी. डिओर ते फ्रान्सच्या निओंस भागातलं वापरतं.

कायद्याची गंमत तर औरच. 13 जून 2006 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सुगंधाला कॉपीराइट नाकारला. तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लँकोमच्या 'त्रेझोर' परफ्यूमच्या वासाला तो मिळू शकतो असं ठरवलं! 2009 मध्ये लॉरिआल विरुद्ध बेल्यूर खटल्यात युरोपीय न्यायालयाने 'आमचा वास अमुक ब्रँडसारखा' असे तुलनेचे तक्ते छापून माल खपवण्याला चाप लावला.

आणि कोकण-गोव्याच्या वाचकांसाठी खास: 2015 च्या मूळ 'सोवाज'मध्ये सिचुआन मिरी आहे. ती मिरी नव्हेच, ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. बांगड्याच्या आमटीत पडतं ना, तेच तिरफळ! दोघीही लिंबाच्या कुळातल्या.

एक मात्र सांभाळा. क्लोन स्वतःच्या नावाने विकला जातो. फुटपाथवर दोनशे रुपयांत मिळणारं 'डिओर' हे निव्वळ बनावट, ते अंगाला लावू नका. क्लोन घेतानाही कागदाच्या पट्टीवरच्या वासाला भुलू नका. मनगटावर मारा, दुकानातून बाहेर पडा, चार तासांनी पुन्हा हुंगा आणि मगच पैसे मोजा.