देवापुढे उघडी ठेवलेली वही

रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावातून कुंडलिकेचा काठ धरून पश्चिमेकडे गेले की रेवदंड्याची खाडी लागते. पलीकडे कोर्लईचा किल्ला, अलीकडे रेवदंडा आणि त्याला लागून चौल. पंधराव्या शतकात, १४७० च्या आगेमागे, या चौल बंदरात एक रशियन व्यापारी विकायला आणलेला एकच घोडा घेऊन उतरला. त्याचे नाव अफनासी निकितीन, गाव त्वेर. वास्को द गामा अजून यायचा होता. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात निकितीनचा स्मारकस्तंभ आहे. तो उभा राहिला तेव्हा बहुतेकांनी ‘रशियाचा पहिला प्रवासी’ एवढीच त्याची ओळख ठेवली. त्याच्या प्रवासाच्या नोंदी वाचताना मला दुसराच माणूस भेटतो: घरापासून हजारो कोस दूर, आपला धर्म आपल्याजवळ उरला आहे की नाही याची वहीत तपासणी करणारा.

व्होल्गेच्या वाटेवर निकितीनला लुटारूंनी नागवले आणि मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली. ती गेली म्हणजे सण आणि उपवास कधी येतात हे कळण्याची सोयच गेली. चौलहून तो आत शिरला. त्याच्या नोंदीत पाली नावाचे गाव येते. रोहेकरांना ते वाचून सुधागडची पाली आठवल्याशिवाय राहणार नाही. पुढे जुन्नरला तिथल्या अधिकाऱ्याने, असदखानाने, त्याचा घोडा ताब्यात घेतला. इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा; नाहीतर घोडाही गेला आणि दंड म्हणून हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करीन. विचाराला मुदत चार दिवसांची. खुरासानच्या एका ख्वाजा महंमदाने रदबदली केली म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही.

खरी घालमेल त्यानंतर सुरू होते. पुढे बहामनी राज्याच्या राजधानीत, बीदरला, ईस्टर केव्हा आहे हे त्याला कळेना. मुसलमानांच्या ईदवरून अंदाज बांधत तो ईस्टरचा दिवस ठरवतो. आसपासचे लोक रोजे धरतात तर तोही महिनाभर उपवास धरतो; मांस नाही, तूपलोणी नाही, दिवसातून दोन वेळा भाकर आणि पाणी. मनात प्रार्थना मात्र आपल्या देवाची. हिंदुस्थानात व्यापाराला यायचे असेल त्याने आपला धर्म घरीच ठेवून यावे, असे कडवट वाक्यही तो देशबांधवांसाठी लिहून ठेवतो. शेवटी तर अरबी, तुर्की आणि फारसी शब्दांची सरमिसळ करून त्याने प्रार्थना लिहिली आहे. तो ख्रिस्ती राहिला की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला तो वाद दुय्यम वाटतो. हिशेबाच्या, मिऱ्यांच्या आणि घोड्यांच्या भावांच्या मधोमध ज्याने ‘माझा सण कोणत्या दिवशी आहे हे मला ठाऊक नाही’ ही वेदना नोंदवली, तो देवाला विसरलेला नव्हता. त्वेरला पोहोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ तो वारला. नोंदी मागे राहिल्या.

आज ख्रिस्ती घरांत श्रद्धेची वही लिहिण्याची हौस पुन्हा वाढली आहे. पुस्तकांच्या दुकानात त्यासाठी छापील वह्या मिळतात. पानावर वचन, खाली कृतज्ञतेच्या तीन ओळी, कोपऱ्यात फुले. चांगले आहे, लोक लिहायला बसतात. पण या वहीचा वंश जुना आहे आणि त्यात फुले कमी, झगडा जास्त आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख मी लिहितो आहे.

मुळापासून पाहिले तर स्तोत्रसंहिताच हातात येते. तिथे देवाची स्तुती आहे तशी ‘तू कुठे आहेस’ अशी उघड तक्रारही आहे, आणि दोन्ही पवित्र शास्त्रात शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या संत ऑगस्टीनने आपले सबंध आयुष्य देवाला उद्देशून लिहिले. लहानपणी केलेली नासपतींची चोरीसुद्धा त्यातून सुटली नाही. सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी या तपासणीला शिस्त लावली. ‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात एक साधी आकृती आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा आखायच्या. आपला एकच दोष निवडायचा, समजा राग. दुपारी आणि रात्रीच्या जेवणानंतर थांबून, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे. मग आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी. शब्द नाहीत, सजावट नाही. इग्नेशियस स्वतःही वही ठेवत. तिचा १५४४-४५ चा भाग उरला आहे, आणि प्रार्थनेत अश्रू आले की नाही याचीही नोंद त्यात तारखेनिशी आहे.

प्रॉटेस्टंटांकडे पापनिवेदनाची पेटी राहिली नाही, तिची जागा पुष्कळ ठिकाणी वहीने घेतली. इंग्लंड-अमेरिकेतल्या प्युरिटन घरांत ही सवय खोल रुजली. डेव्हिड ब्रेनर्ड या तरुण मिशनऱ्याची दैनंदिनी जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४९ मध्ये छापली आणि पुढच्या पिढ्यांतल्या मिशनऱ्यांनी ती उशाशी ठेवली. त्याच वातावरणातून गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या आतले लिहून दाखवण्याचे वळण लागले ते असे.

बेळगावच्या बाबा पदमनजींनी (१८३१–१९०६) ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मुळे त्यांचे नाव कादंबरीच्या इतिहासात गेले, पण त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र मला अधिक जवळचे वाटते. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी ते जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस मंडळीत वावरले, पुस्तके वाचली, घरच्यांना दुखावण्याच्या भीतीने मागे सरले, पुन्हा पुढे आले. हा पुढे-मागेपणा त्यांनी झाकला नाही. धर्मांतराची कहाणी एका झटक्यात सांगण्याचा मोह फार असतो, आणि पदमनजींनी तो बऱ्याच अंशी आवरला आहे.

मराठी मुलखात या साऱ्याचा कळस मला पंडिता रमाबाईंमध्ये दिसतो. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले. भाऊ श्रीनिवासबरोबर पायी देश पालथा घातला. कलकत्त्याला त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये त्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंतची कथा शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना जी पत्रे लिहिली, ती माझ्या मते मराठी स्त्रीने लिहिलेली सर्वांत निर्भय श्रद्धा-दैनंदिनी आहे. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटला नाही तर केवळ चर्च सांगते म्हणून मी तो का मानू, असे त्या विचारतात. एका पत्रात वाद क्रुसाचा आहे. त्यांना देऊ केलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. लॅटिन मला कळत नाही, आमची संस्कृत तिच्याहून कमी पवित्र आहे काय, अक्षरे कोरायचीच असतील तर संस्कृतात कोरा, असा त्यांचा आग्रह. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. मला तिथे एक प्रामाणिक शिष्या दिसते, जिला न समजलेल्या शब्दांपुढे मान तुकवायची नाही. जेराल्डीनबाईंचे श्रेय हे, की रुष्ट असूनही त्यांनी ही पत्रे जपली, नीट लावून ठेवली. १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली.

पुढे १९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली. तोवर शारदा सदन (१८८९) उभे राहिले होते, केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले होते, दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका त्यांच्या आश्रयाला होत्या. एवढी कीर्तिमान बाई त्या साक्षीत काय लिहिते? की बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाल्यावर मला कळले, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपण आठ वर्षे अर्ध्यावरच होतो हे जगजाहीर लिहायला फार मोठे मन लागते. त्या काळात विरोधक टपून बसले होते आणि देणगीदार परदेशात होते; गप्प राहणे सोयीचे होते. ही स्पष्टता १८८० च्या दशकातल्या त्या भांडणाऱ्या पत्रांतूनच घडत आली होती, असे मला वाटते. ज्या बाईने न पटलेले कधी पटले म्हणून लिहिले नाही, तिला पटले तेव्हा तिच्या शब्दाला वजन आले. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर हे त्यांचे अखेरचे काम. १९२२ मध्ये त्या गेल्या.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. ती वही नव्हे, उतारवयातल्या आठवणी आहेत. तरी आत्मपरीक्षणाचा धडा म्हणून तिच्याइतके जिवंत पुस्तक मराठीत दुसरे नाही. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे, पाणी आणि चूल वेगळीच होती. त्यांचे मन बदलले ते व्याख्यानांनी नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एकटीनेच मनाशी सोडवला, आणि उत्तर सापडल्याबरोबर कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. श्रद्धा पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचली का, ही त्यांची कसोटी होती. आज वही लिहिणाऱ्याने ती उचलावी. ‘आज प्रभूने मला प्रेम शिकवले’ असे लिहिणे सोपे असते. मोलकरणीचा कप वेगळा ठेवला की नाही, हे लिहिणे अवघड.

आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘नाही मी एकला’ लिहून ही परंपरा पुढे नेली. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते, २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. तुकोबा-ज्ञानोबांना मनापासून मानणारा हा कॅथलिक धर्मगुरू स्वतःकडे पाहताना दोन्ही परंपरांचे आरसे वापरत असे. रोह्याचेच सांगायचे तर स्वाध्यायाचा विचार घरोघर नेणारे पांडुरंगशास्त्री आठवले इथे १९२० मध्ये जन्मले. स्वतःला तपासण्याची साधना या मातीला परकी कधीच नव्हती.

मानसशास्त्राचीही यात साक्ष आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितले. त्यानंतरच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या सर्वांत कमी झाल्या त्या घटनेबरोबर भावनाही लिहिणाऱ्यांच्या. पुढच्या अभ्यासांत हेही दिसले की कारण शोधत, अर्थ लावत लिहिणाऱ्याला जास्त फायदा होतो. तेच दुःख त्याच शब्दांत उगाळणाऱ्याला कमी. ख्रिस्ती वहीत हा अर्थ लावण्याला एक श्रोता असतो. समोर देव आहे असे मानून लिहिले की स्वतःची वकिली करायला लाज वाटते.

इथे आमच्या मंडळ्यांबद्दल थोडे परखड लिहितो. आमच्याकडे साक्ष देण्याची रीत मोठी आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री माणसे उभी राहतात, वर्षभरातले आजारपण, नोकरी, मुलीचे लग्न सांगतात, आणि प्रत्येक साक्ष धन्यवादात संपते. ती रीत प्रेमाची आहे, पण त्यात बरे न झालेल्या आजाराला जागा नसते. वहीत ती असलीच पाहिजे. शांत वेळेला बसल्यावर वचन वाचावे, मग एक खरी घडलेली गोष्ट तारखेनिशी लिहावी, तिच्यात आपण कुठे चुकलो ते लिहावे, आणि प्रश्न उरला असेल तर तो उत्तराशिवाय तसाच राहू द्यावा. सहा महिन्यांनी मागची पाने वाचावीत. न वाचलेली वही निम्म्याच कामाची. आणि वही कुणाला दाखवायची नाही. कुणी वाचणार आहे असे कळले की हात आपोआप साळसूद लिहू लागतो. मात्र आत जखम खोल असेल, झोप उडाली असेल, तर वहीवर भागवू नये. पाळकांशी बोलावे आणि डॉक्टरकडेही जावे.

शेवटी एक विनंती आहे, विशेषतः कोकणातल्या, नगर-जालन्याच्या, वसईच्या ख्रिस्ती घरांना. आजी-आजोबांच्या प्रार्थनेच्या वह्या, उपदेशांची टिपणे, बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्म-मृत्यूच्या आणि नवसाच्या ओळी अजून तुमच्या ट्रंकांमध्ये पडल्या असतील. घर रंगवताना त्या रद्दीत देऊ नका. कुणाच्या, कोणत्या वर्षाच्या, एवढे वर लिहून ठेवा. हयात असतील त्यांची परवानगी घेऊन पानांचे फोटो काढा. आणि घरात सांभाळायला कुणी नसेल तर जवळच्या सेमिनरीच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोपवा. कुणीतरी जपल्या, म्हणूनच रमाबाईंची पत्रे आज आपल्याला वाचता येतात.